टर्न मोजले काय?

बाबा, तुमची वही आज कपाटातून काढली. लाल पुठ्ठ्याची, वार्निशचे डाग पडलेली, जिच्यात तुम्ही दुकानात आलेल्या पाण्याच्या प्रत्येक जळक्या मोटारीचे टर्न, तारेचे वेढे, लिहून ठेवायचे. मागची बरीच पानं कोरी आहेत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या पानांवर काही लिहायची हिंमत झाली नव्हती. आज लिहून राह्यली. शाळेतल्या लोकांनी माझ्या गळ्यात एक काम घातलंय. म्हणे, लिनक्सवर नव्यानं येणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहून द्या, मॅडम. सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसले आणि पहिल्याच ओळीला अडकले. म्हणून ते तसंच ठेवून तुमच्याशी बोलायला बसले.

लिनक्स काय ते तुम्हाला माहीत नसणार. कॉम्प्युटर चालवणारी ती एक सिस्टीम. विकतची मिळते ती तयार असते, आत काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. ही फुकट आहे आणि सगळी उघडी आहे. त्यातही मी घेतलेला प्रकार इतका आडमुठा की सुरू केला तर काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ, बाकी काहीच नाही. चित्रं दिसायला हवीत? ते तुम्ही टाका. आवाज यायला हवा? तोही तुम्हीच जोडा. तुम्हाला भारी आवडली असती. अनसिंगच्या आमच्या शाळेतले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले होते, ते मी हिच्यावर चालू केले, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या नजरेत मी मोठी शहाणी झाले.

सांगण्यासारखं तसं पुष्कळ आहे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, पटलं तरच आत टाका. कुठून तरी उचललेली कमांड न समजता मारू नका. चूक झाली की मशीन काय बोलतंय ते वाचा, घाबरून बंद करू नका, उत्तर बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं. काय काय बदललं ते वहीत लिहा. चार महिने अपडेट न करता ठेवाल तर एका दिवशी सगळं अंगावर येईल. हे सगळं मला पाठ आहे. पण यातलं काहीच पहिल्या ओळीत शोभत नाही. पहिली ओळ तुमची आहे, आणि ती लिहायला माझा हात धजत नाही.

कामरगावचं आपलं दुकान आठवतं. जळालेल्या तांब्याचा तो वास, तुमच्या बोटांवरचं चिवट वार्निश. मी कॉलेजात होते, सुटीत दुकानात बसायचे, आणि तुमचा एकच कायदा होता. जुनी कॉइल तोडायच्या आधी तिचे टर्न मोजायचे, तारेच्या जाडीचा गेज घ्यायचा, वहीत लिहायचं, मगच छन्नी लावायची. दर वेळी विचारायचे, "टर्न मोजले काय वं?" मला वैताग यायचा. त्या दिवशी तुम्ही वाशीमला गेला होता. आसेगावच्या भाजी पिकवणाऱ्या काकांची विहिरीवरची मोटार आली, जुनी, कुठल्या कंपनीची तेही पुसून गेलेलं. म्हटलं, बाबा यायच्या आत साफ करून ठेवू, खूश होतील. ठोकली छन्नी, ओढली सगळी तार. तुम्ही आलात आणि दारातूनच विचारलं. मी जमिनीवरच्या तारेकडं बोट केलं.

तुम्ही ओरडला नाहीत. खाली बसलात, तारेचा तो गुंता हातात घेतलात. "तार बजारात कवाही भेटते. पण मोटार किती टर्नची होती, ते आता कोणाले इचारू? तुले?" मग अंदाजानंच नवी तार भरलीत. दोन दिवसांत ती पुन्हा जळली, आणि काका तणतणत आले. "काहून जळली? वांग्याचे वाफे सुकून राह्यले ना तिकडं!" मी कोपऱ्यात पाना हातात धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाहीत. "माह्याच हातून चुकलं, भाऊ. टर्न मोजाचे राह्यले." काका तुम्हाला नाही नाही ते बोलले, तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. बाबा, मला तेव्हा मेल्यासारखं झालं होतं. आज कळतं, तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत, ते त्याहून जड होतं.

आता हे ऐका. आमच्या शाळेत मराठीचे एक सर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. मळ्यातल्या माणसांच्या तोंडचे शब्द ते गोळा करायचे. पाण्याचे, वाफ्यांचे, भाजी बांधायचे. त्यांच्या आईच्या तोंडचे तर शेकड्यानं. एका बोटानं टाइप करत नऊ वर्षं घातली त्यांनी. जाताना म्हणाले, "माह्याही घरच्या कॉम्प्युटरवर टाकून द्या ना मॅडम ते तुमचं लिनक्स." मी विचारलं, कामाचं सगळं काढून घेतलं? "घेतलं ना, पेनड्राइव्हवर. बहुतेक सगळंच." ते 'बहुतेक' मी ऐकलं, बाबा. चांगलं ऐकलं. पेनड्राइव्ह समोर टेबलावर होता, लावून पाहायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मला घाई होती. डिस्क पुसायची का, मशीननं विचारलं. मी हो म्हटलं.

सरांनी पेनड्राइव्हवर घेतला होता तो नुसता शॉर्टकट. कोपऱ्यात बारीक बाण असलेलं फोल्डरचं चित्र तेवढं. आत काही नाही, शब्द सगळे मी पुसलेल्या डिस्कवरच होते. नवशिके ही चूक हमखास करतात, मीच वर्गात सांगत असते. दोन दिवस डिस्क खरवडली, काही हाती लागलं नाही. आई तर त्यांची कधीच गेलेली, ते शब्द पुन्हा कोणाला विचारणार?

सर खुर्चीत बसून होते. मी त्यांना म्हटलं, "सर, डिस्क आधीच खराब झाली होती." ते म्हणाले, "जाऊ द्या. तुमी तरी काय करसान?" आणि वर मला चहा पाजला. ती डिस्क काढून माझ्याच हातात दिली, कुठं टाकून द्या म्हणाले.

त्यांचं घर अनसिंगच्या एसटी स्टँडकडं आहे. मी आता बाजाराला लांबच्या वाटेनं जाते. ही पानं पाठवायची तर त्यांना पाठवायला हवीत, हे मला कळतं. पण फाडून पाकिटात घालायचा धीर नाही, म्हणून वही परत कपाटात ठेवून राह्यली.

बाबा, ती डिस्क खराब नव्हती. माझ्या कॉम्प्युटरला तीच लावलीय. मस्त चालते.