पिकअपच्या ऑइलचा वॉल्व्ह आणि माझे दोन मुलगे

मी दगडाबाई बाजीराव शितोळे, वय बहात्तर, धंदा शेती, राहणार पाटस, तालुका दौंड, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. कोणी दबाव आणलेला नाही. त्यासाठी घरात एकमत लागते, ते नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचे त्यांनी विचारले नाही.

१. जमीन मुलगे इंद्रजीत व विश्वजीत यांच्या नावे हयातीतच केली आहे. बांधावरून ते भांडले नाहीत, याचे मला आजही नवल वाटते.

२. घर दोघांचे. मधे भिंत घालू नये.

३. दागिने थोरली सून नीलम हिला. साखर कारखान्याचा बॉयलर पेटून हंगाम सुरू झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. थोरला शेजारीच बसलेला असतो आणि धाकटा म्हणतो, "वहिनी, त्यांस्नी इचारा, बॅटरी कुठं ठिवलीय?" थोरला म्हणतो, "त्याला म्हणावं, फळीवर हाय." नीलम दोन्ही निरोप नीट पोचवते. दागिने त्या मेहनतीचे समजावेत.

४. अबोल्याचे कारण नोंदवते. पिकअपचे ऑइल पान्याशिवाय सोडता यावे म्हणून इंद्रजीतने इंजिनाखालचा बोल्ट काढून तिथे दांडीचा वॉल्व्ह बसवला. मोबाइलवर फोटो पाहून मागवलेला, चांगला वीतभर खाली लोंबायचा. विश्वजीतने गाडी तोडलेल्या उसाच्या रानात जनावरांसाठी वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, भरायला घातली. जमिनीत उरलेल्या उसाच्या बुडख्याला दांडी अडकून वॉल्व्ह उघडला, ऑइल सरीत गेले. ऑइलचा लाल दिवा लागला. पण तो हॉर्न वाजवला तरी लागतो, म्हणून हा चालवतच राहिला. इंजिन जाम. थोरला म्हणतो चालवणाऱ्याची चूक, धाकटा म्हणतो बसवणाऱ्याची. दोघांचेही खरे आहे आणि मला दोघांचाही राग आहे.

५. इंजिन मी बांधून घेतले. वॉल्व्हही मीच निवडला. जुना बोल्ट पिशवीत घालून दौंडला गेले, आटे जुळवून पाहिले. दुकानदार म्हणाला, "मावशी, ह्यो लांब दांडीचा घ्या, हाताला सोपा." मी म्हणाले, "हाताला सोपा त्यो बुडख्यालाबी सोपा." आखूड, दांडी आपोआप फिरू नये म्हणून तिला खिटी आणि तोंडाला टोपण असलेला घेतला. तो बदलू नये.

६. पिकअप दोघांची सामाईक. फिल्टर खोलायचा पट्टा-पाना विश्वजीतला, जळके ऑइल धरायचे घमेले इंद्रजीतला. एकट्याला ऑइल बदलता येऊ नये, हा हेतू आहे.

७. मला याच पिकअपमधून न्यावे. हौद्यात ठेवल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, दोघांनी खाली वाकून वॉल्व्हची खिटी पाहावी. एकाने बॅटरीचा उजेड धरावा, दुसऱ्याने हात घालावा. खिटी बसली आहे, हे एकाने दुसऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे. नीलममार्फत चालणार नाही. तोवर गाडी हलवू नये.

कितीही वेळ लागला तरी मी थांबेन.

ठिकाण : पाटस
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५
सही : दगडाबाई बाजीराव शितोळे

आमच्यासमोर सही केली :
१. बन्सी मारुती भागवत, शेजारी
२. राजश्री सुमित ढमाले, अंगणवाडी सेविका