नाल्याखालची विहीर

अकोला, ९ डिसेंबर २००६

ती. बाबांस,
प्रियदर्शनीचा सप्रेम जयभीम.

कारखान्यात मी नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलंत. जीवाणू पाळते, बाबा! आमच्या सांडपाण्यात नायट्रेट फार. ते बंद टाकीतल्या जीवाणूंना द्यायचं, सोबत खायला थोडी उसाची मळी. हवा नसली की ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून जगतात. उरतो साधा वायू, तो बुडबुडे होऊन उडून जातो. पाणी नाल्यात सोडण्याजोगं होतं.

पण या थंडीनं ते सुस्तावलेत. आठ दिवस झाले, निम्मं नायट्रेट तसंच बाहेर जातं. साहेब म्हणाले, कारखाना थांबणार नाही, वहीत आकडा मर्यादेतलाच लिहा. मी लिहिला. हे कोणाजवळ बोलू नका. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
प्रियदर्शनी

अमरावती, २७ डिसेंबर २००६

चि. प्रियदर्शनीस बाबाचा जयभीम.

बेटा, धर्मपालची दोन महिन्यांची पोरगी शुक्रवारी गेली. तुझ्या पंचफुलाआत्याची पहिली नात. सुनेला ताप, अंगावर दूध नव्हतं, म्हणून विहिरीच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजत होते. आधी ओठ निळे झाले, मग नखं. डॉक्टर म्हणाले, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आहे, त्यानं तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही. आत्याचं गाव तुमच्याच नाल्याच्या खालच्या अंगाला आहे, हे तुला सांगायला नको. वावरातल्या खताचंही असू शकतं, असं ते म्हणाले.

मी तुला काही विचारून नाही राहिलो. पण तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. आत्याकडे जाऊन ये.

तुझा,
बाबा

अकोला, ८ जानेवारी २००७

ती. बाबांस सप्रेम जयभीम.

खरे आकडे प्रदूषणवाल्यांना लेखी दिले. दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं, नोकरी गेली. टाकी आता गरम ठेवतात म्हणे, जीवाणू सावरले. विहिरीत आमचं किती आणि खताचं किती, हे मला कधीच कळणार नाही.

काल आत्याकडे गेले. सगळं सांगितलं. धर्मपाल उठून बाहेर गेला. आत्या म्हणाली, पानी तं मी दर टायमाले वीस मिनिटं उकळत होती, माई. मी गप्प राहिले असते, बाबा. पण शेजारच्या घरी महिन्याचं बाळ आहे, त्याची आई तिथंच बसली होती. म्हणून सांगावं लागलं, की उकळल्यानं नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते वाढतं.

 आत्या त्या बाईकडे वळून म्हणाली, ऐकलं नं? तुह्या लेकराले हे पानी देऊ नको.

माझ्याशी ती बोलली नाही. तुम्ही तरी लिहीत राहा.

तुमची,
प्रियदर्शनी