पावडरच्या पेटीचं दार

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

कंबर गेली! सकाळपासून शेड धुतली, यंत्रं पुसली. मालक मानसिंगदादा म्हणाले, "पूजा तुझ्या हातनं व्हऊ दे, संयोगिता." पुण्याची मोटर कंपनी आमचा नमुना तपासणार आहे. पास झाला तर मलकापुरातली ही शेड चालेल, नाहीतर कुलूप. तीन वर्षं हेच करतोय — भंगारातल्या मोटरी, हार्ड डिस्क फोडायच्या, त्यातल्या चुंबकांची पावडर करायची, ती दाबून-भाजून नवी चुंबकं घडवायची.

सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावलं. काचेच्या पेटीतला, पावडर दाबायचा प्रेस तेवढाच कोरा कसा ठेवायचा? दार उघडून बोट टेकवलं. भंगार निवडणारे जालिंदरकाका बौद्ध, पूजेत नसतात. दाराशी उभे होते. पेढा मात्र घेतला.

४ ऑक्टोबर

नमुना गेला एकदाचा. न जेवताच आडवी झाले.

९ ऑक्टोबर

नापास! ताकद निम्मीसुद्धा नाही.

दादा कडाडले, "भंगार कुणी निवडलं?" निवडतात जालिंदरकाकाच. "मग स्पीकरची साधी चुंबकं मिसळली असणार!" काका वीस वर्षं भंगारात आहेत, नुसत्या वजनावरून चुंबक ओळखतात. एवढंच म्हणाले, "माझ्या हातनं न्हाई झालं." उद्यापासून येऊ नका, असं दादांनी सांगितलं त्यांना. मी खाली मान घालून हातमोज्यांच्या घड्या घालत बसले.

११ ऑक्टोबर

आज काचेतून प्रेसवरचं कुंकू दिसलं आणि लक्षात आलं. पावडरला हवा लागली की ती गंजते, म्हणून तर ती पेटी नायट्रोजन गॅसनं भरून बंद ठेवतात. आणि त्या दिवशी पावडरचा ट्रे आत उघडाच होता!

एरवी कुणी सांगितलं असतं तरी मी ते दार उघडलं नसतं. पूजा म्हटल्यावर डोकंच चाललं नाही. अर्धं मिनिटसुद्धा नसेल झालं. काका घरी बसलेत माझ्यामुळं.

१२ ऑक्टोबर

सांगायला हवं. नुसतंच म्हणतेय. भित्री!

१३ ऑक्टोबर

सांगितलं. दादा म्हणाले, "पूजा मीच सांगितली हुती. जा, त्यास्नी घिऊन ये. कंपनीच्या हातापाया पडतो, नमुना परत करू." रडूच आलं मला.

१४ ऑक्टोबर

काकांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, बायडाबाईंनी, चहा दिला. चूक माझी होती, चला परत, म्हटलं.

काका म्हणाले, "ताई, तुमी दार उघडलंसा तवाच मी बघितलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पूजेनं माल नासला, असं मी म्हणायचं? मग मालाचं कोण बोललं असतं? माझी जात काढली असती सगळ्यांनी."

मी नसती काढली, असं म्हणायला तोंड उघडलं. म्हणवलं नाही. एकटीच परत आले.