हिवाळ्याची चांगली हवा

भिलाई, डिसेंबर १९६१
सोमवार, सांज

पोरासाठी आणून ठेवलेलं झबलं आज तिसऱ्यांदा धुतलं. तारेवर वाळेपर्यंत त्याच्यावर पुन्हा काळे कण बसले.

चूक माहीच. बायको बाळंतपणाले माहेरी, पोराले मी फक्त बारशाले पाहिलं. त्याची छाती भरते म्हणून मीच दसऱ्याले लिहिलं का हिवाळ्यात ये, हवा चांगली राहते. आमच्या गावाकडे, वैनगंगेकाठी, हिवाळाच तर सगळ्यात निर्मळ. इथं उलटं हाय हे मले कोण सांगणार होतं? उन्हाळ्यात वारा धूर उचलून शिवनाथ नदीपार नेते. पावसात तो धुऊन जाते. पण थंडीत वाराच पडते. मग पोलादाच्या प्लांटचा धूर वर चढत नाही, दिवस बुडाला का आमच्या क्वार्टरांवर येऊन निजते.

शेजारचा साहू झबल्याकडे पाहून म्हणाला, "भैया, होली तक मत बुलाओ बच्चे को." हसून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी ती गाडीत बसणार. कावून लिहिलं मी तसं? येऊ देऊ का? घरची बोली बोलून किती महिने झाले. ड्युटीवर हिंदी, अन् घरी भिंती.

नाही. आता कार्ड लिहिलं, "होळीनंतर ये." पेटीत टाकूनही आलो.

मग तारेवरचं झबलं काढलं. घडी घालता घालता ध्यानात आलं, होळीपर्यंत हे त्याले होणारच नाही.