सांगोल्याचा वन्समोर

प्रिय वैजू,

परवा फोनवर तू म्हणालीस, अण्णारावांचं नाव काढलंस तर फोन ठेवीन, आणि खरंच ठेवलास. म्हणून हे पत्र. हातात आलेलं पत्र तू अर्धं टाकणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. अण्णारावांना अर्धांगवायू होऊन महिना झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर आशा देत नाहीत. मी रोज जाते. डाव्या हाताची बोटं चादरीवर चालत असतात, ऑर्गनवर चालायची तशीच. पद कुठलं ते मला ओळखू येतं. तुझंच असतं. तू एकदा येऊन जावंस, एवढंच त्यांच्या बायकोचं मागणं आहे.

मांजरांचं विचारशीलच, तर सांगते. नातेपुत्याच्या प्रयोगाला आपल्या कपड्यांच्या ट्रंकेत ती करडी मांजरी व्याली होती, आठवतं? तुझ्या भरजरी शालूवर चार पिल्लं. तू तिला उठवू दिलं नाहीस, साधं सुती पातळ नेसून राणी झालीस, आणि प्रेक्षकांना वाटलं, राणीला वनवास घडलाय. तिच्याच वंशातली दोघं, तान आणि खर्ज, माझ्याकडे होती. तान दिवाळीत गेली. राहिला खर्ज, नावासारखाच घोगरा बोका. एकदा पिशवीतून अण्णारावांकडे नेला, तर त्यांच्या ऑर्गनवर जाऊन झोपला आणि आता परत यायचं नाव नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात मांजर नाही. करमत नाही गं.

मी तुमच्या नाटक मंडळात ना गाणारी, ना वाजवणारी. तिकिटं फाडायची, तुझा थर्मास धरायचा. शाळेत रजा मिळावी म्हणून एकाच मावशीला तीनदा मारलं, तिसऱ्यांदा हेडमास्तर म्हणाले, बाई, आता तरी त्यांना शांती लाभू द्या. पण अकलूज असो की बार्शी, तुझा एक प्रयोग चुकवला नाही. तुला तीन वन्समोर मिळाले की मीच गायल्यासारखी मिरवायची.

मागच्या वर्षी माझ्या भाच्यानं, अमृतनं, मला व्हिएन्नाला ऑपेरा दाखवला. भाषा कळली नाही, पण कशाला कळायला हवी? वरच्या सुराला त्या बाईचा आवाज चिरकला. मी खुर्चीचा दांडा धरून बसले. कुणी हुर्यो केली नाही, पुन्हा म्हण असं कुणी ओरडलं नाही. तिनं पुढचं नीट गायलं, घरी गेली असेल. मी इतकी रडले, की अमृतला वाटलं, आत्याला गाणं फार भिडलं.

वैजू, सांगोल्याचा प्रयोग. टँकरचं वर्ष, मांडवात नुसता फुफाटा, आणि तुझा घसा सुजलेला. रंगपटात तू म्हणालीस, आज एकदाच जमंल गं, दुसऱ्यांदा न्हाय. अण्णारावांशी ठरलं, पद संपलं की टाळ्यांना न थांबता पुढचा सूर धरायचा. हे तुम्हा दोघांखेरीज फक्त मला माहीत होतं. पद संपलं. टाळ्या पडल्या, पण कोरड्या. पहिल्या रांगेत आपल्याशी चढाओढ असलेल्या त्या दुसऱ्या मंडळाची माणसं बसली होती. त्यातला एक हसला, म्हणाला, झालं की हिचं. माझं डोकं फिरलं. तुझं पद आणि वन्समोर नाही?

इतकी वर्षं तुला वाटतं, मागून कुणा दारुड्यानं आरोळी दिली आणि लोकांपुढं लाळ घोटत अण्णारावांनी सूर पुन्हा दिला. दारुडा नव्हता. खांबाआड उभी राहून मीच वन्समोर म्हणून ओरडले. मग सगळा मांडव ओरडू लागला. अण्णारावांनी पट्टीवरून हात उचलले होते, मान हलवून नाही म्हणाले. लोक खुर्च्यांवर चढले. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याच पदाचा सूर पुन्हा धरला. दुसऱ्याच ओळीला तुझा आवाज फाटला तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, माझं नाव सांगू नका म्हणाले. त्यांनी शब्द दिला आणि पाळला. तू त्यांना तोंडावर खाटीक म्हणालीस तेव्हाही पाळला. मी तिथंच तुझा थर्मास धरून उभी होते. आता ते बोलू शकत नाहीत, म्हणजे माझं गुपित पक्कं झालं. हे मनात आलं, क्षणभर बरं वाटलं, आणि त्या दिवशी मला माझी किळस आली.

म्हणून लिहिलं. रविवारी बार्शीहून सकाळी सातची एसटी धर, नऊ-साडेनऊला पोचशील. माझ्या घरावरून जाऊ नकोस, थेट त्यांच्याकडे जा. त्या दिवशी मी तिथं नसेन. खर्ज पायात येईल, त्याला हाकलू नकोस. मला माफ कर, असं खाली लिहिलं होतं, ते खोडलंय. तुला न झेपणारं एकदा मागून झालंय माझं.

तुझीच, खांबाआडची,
दाक्षायणी