कॅनॉलच्या पुलावरचा गिअर

तात्या,

गेल्या रविवारी सकाळी भवानीनगरच्या अलीकडं, कॅनॉलच्या पुलावर मी सायकलवरून पडले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, डोक्यावर हेल्मेट आणि गुडघा सोललेला. तीन महिन्यांपूर्वी बारामतीत ही बारीक टायरची सायकल घेतली. डाव्या हाताशी पुढच्या दोन चक्रांचा गिअर, उजव्या हाताशी मागच्यांचा. दुकानदारानं पाच मिनिटांत समजावलं, मी मान डोलावली, आणि तेव्हापासून रोज चुकतेय. सपाटीवर पाय नुसते भिरभिरतात, चढावर पायडल हलता हलत नाही. समोरून वारा सुटला की कुठला गिअर हवा हे ठरेपर्यंत सोबत सायकल चालवणाऱ्या बायका पुढं जाऊन दिसेनाशा होतात.

पुलावरही तेच. अर्ध्या चढावर दम संपला, तेव्हा पायडलवर उभी राहून, सगळा जोर लावत गिअर बदलायला गेले. करकर आवाज झाला, चेन निसटली आणि मी आडवी. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं तो चढाच्या पायथ्याशीच थांबवला, चालत वर आला, सायकल उचलून धरली. "ताई, लागलं न्हाय ना? आवं, चढ लागायच्या आदीच हलका गिअर टाकायचा. जोर आसताना न्हाय पडत त्यो."

दोन वाक्यं, तात्या. एवढंच होतं ते.

त्या माणसाचा राग आला नाही, तुमचा आला. मी आठवीत आहे. आपण ऊस घेऊन कारखान्याला निघालोय, मी मडगार्डवर बसलेय. ह्याच पुलाच्या अलीकडं तुम्ही गिअरचा दांडा ओढता, ट्रॅक्टर घरघरत हळू होतो आणि भरल्या ट्रॉलीसकट न अडखळता चढून जातो. मी विचारते, "तात्या, आत्ताच का बदलला?" आणि दांड्यावर हात ठेवते. तुम्ही तो झटकून टाकता. "हात लावू नगं. तुला काय करायचंय त्ये?"

त्याच दिवाळीत तुम्ही धाकट्याला मांडीवर घेतलंत आणि तोच दांडा त्याच्या मुठीत दिलात. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, दारातून सगळं दिसत होतं. आईला म्हटलं, मला पण शिकायचंय. ती म्हणाली, "तव्याकडं बघ, करपंल." धाकटा आता पुण्यात असतो, तात्या. बिनगिअरची गाडी चालवतो.

आज पुन्हा गेले. पूल दिसताच पायांचा जोर सैल केला, उजव्या हातानं दोनदा गिअर हलका केला, आणि चढले. रडतखडत, पण पाय न टेकता. आनंद वगैरे झाला नाही. एवढं सोपं होतं आणि चौतीस वर्षं लागली, ह्याचीच चीड घेऊन वर पोचले.

वर सगळ्याजणी पाणी पीत थांबल्या होत्या. आमच्यातली एक शिक्षिका आहे, तिनं विचारलं, "आज गिअर बरोब्बर टाकलास की. कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, वडिलांनी.

का म्हटलं, कळत नाही. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून इथं कबूल करते: तिच्यापुढं मी खोटं बोलले, आणि तसं बोलताना मला बरं वाटलं.