पाळण्याची फळी

शशिकला, तुला अक्काचा भरभरून आशीर्वाद.

मी मजेत आहे. दोन दिवस तुझा फोन बंद लागतो, म्हणून आमच्या कारखान्यातले मानसभिया तुमच्या यावलला निघालेत त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते. आधी बाळाला पाळण्यातून उचल, मग पुढचं वाच.

उचललंस? तू घाबरू नको, मी घाबरले तेवढं पुरे.

पाळण्याची खालची फळी आमच्या कारखान्यातली, लाकडाचे पातळ पदर सोयाबीनच्या पिठाच्या गोंदाने चिकटवून केलेली. दुसऱ्या गोंदाचा वास बाळाच्या डोळ्यांना झोंबेल म्हणून मीच हट्टाने मागून घेतली. कोरडी होती तर हातोडीनेसुद्धा सुटेना. काल त्याच खेपेचा तुकडा पाण्यात पडला, तर चिरोट्यासारखे पदर सुटले गं!

गोंद बनवणारे आमचे श्रीहरीसर म्हणतात, "अरे बाई, वो तो सूखे काम की थी."

मी म्हटलं, "मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का? तान्हं बाळ कधी कोरडं राहतं?" पण मीही विचारलं नव्हतं.

सरांनी आता गोंदात नवीन काहीतरी मिसळलंय. त्याने चिकटवलेला तुकडा मी तीन तास उकळला, सुटला नाही. तरी आठ दिवस भिजवून बघणार, मगच दुसरी फळी पाठवीन. तोवर बाळाला खाली गोधडीवर निजव.

सूनबाई नीट जेवते ना? दूध पुरतं का?

आळीत दहा जणींना पाळणा दाखवला असशील. त्यांना खुशाल सांग, अक्काची अक्कल कमी पडली. पण मानसभियांच्या फोनवरून मला आत्ताच बाळाचा आवाज ऐकव. रडत असला तरी चालेल.

तुझी,
शेवंताअक्का